ट्रायबलसारखी दिस

"तू ट्रायबल आहेस ना? मग ट्रायबलसारखी दिस."

दळवी सर हे म्हणाले तेव्हा त्यांच्या एका हातात माझं भाषण होतं आणि दुसऱ्या हातात आंब्याचा टहाळा. भाषण त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. टहाळा माझ्या हातात दिला. म्हणाले, कमरेला बांध.

मी आठवीत होते. सिल्व्हासाच्या मराठी शाळेत, वर्गात पहिली. हे बढाई म्हणून सांगत नाही. पहिली होते म्हणूनच पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण मला मिळालं होतं. दोन ऑगस्टचा कार्यक्रम होता, मुक्तिदिनाचा. पोर्तुगीज गेले तो दिवस. दिल्लीचे कोणी मोठे साहेब बायकोसह येणार होते. भाषण मी स्वतः लिहिलं. हॉस्टेलच्या न्हाणीत उभी राहून आठ दिवस पाठ केलं. इतकं, की बाजूच्या मुलींनाही पाठ झालं. हॉस्टेलातून नवा कोरा युनिफॉर्म मिळाला होता, निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाउज. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी न घातलेला कपडा अंगावर आला होता. तो उतरवायला सांगितला.

शाळेच्या ऑफिसात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, 'ट्रायबल'. वर्षभर कुलूप. पाहुणा आला की उघडायची. आत काय? कोंबडीची पिसं खोवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, रंगीत मणी, लाकडाचे भाले आणि एका डब्यात कोळशाची पूड. पूड खोबरेल तेलात कालवून आमच्या तोंडाला फासायचे. आम्ही मुळात काळ्याच. पण सरांना तेवढं पुरत नसे.

आता सांगते. मी वारली. माझ्या आजीनं जन्मात डोक्याला पिसं लावली नाहीत. माझ्या बापानं कमरेला पानं गुंडाळली नाहीत. आम्ही लुगडं नेसतो, अंगात चोळी घालतो. भाल्याचं तर नावच नको. आमच्या गावात, सुरंगीत, भाला घेऊन कोणी निघाला असता तर लोकांनी त्याला भगताकडे नेलं असतं. दळवी सर रत्नागिरीकडचे. आमच्यात येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. आमच्या घरचा भात खाल्ला, आमच्या आयांनी आणलेली रानभाजी पिशवी भरभरून घरी नेली. आणि सात वर्षांत त्यांना आमचे कपडे दिसले नाहीत. त्यांचा ट्रायबल कुठल्या तरी कॅलेंडरावरून आलेला. तो आमच्या अंगावर चढवायचा आणि पाहुण्यांना म्हणायचं, बघा. शहाणपणाची कमाल आहे की नाही?

माझं भाषण मामलेदार कचेरीतल्या हेडक्लार्कच्या मुलीला दिलं. ती युनिफॉर्मात स्टेजवर उभी. मी खाली चिखलात, पानं बांधून, छाती हातांनी झाकून. ब्लाउज ठेवू द्या म्हणून मी रडले तेव्हा बाईंनी एक काळं फडकं गुंडाळायला दिलं होतं. वरून माझं भाषण सुरू झालं. "आम्ही सिल्व्हासाचे विद्यार्थी आपलं मनापासून स्वागत करतो." ते 'आम्ही' मी लिहिलं होतं. त्यात मी नव्हते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरले असते. खरंच. पोरवयात माणूस बरंच विसरतं. पण त्या दिवशी माझ्या बापालाही बोलावलं होतं.

माझा बाप सुरंगीचा तारपेकरी. तारपा म्हणजे आमचं फुंकायचं वाद्य. भोपळ्याचं पोट, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. तारपेकरी मधे उभा राहतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. नाचताना त्याला कोणी पाठ दाखवत नाही. पाच गावांत बापाचं नाव होतं. पण तारप्याला वेळ असते. भात कापून झालं, नवं धान देवाला दाखवलं, की मग तो माळ्यावरून खाली येतो. शेतात हिरवं उभं असताना कोणी फुंकत नाही. आमच्यात हे लेकरालाही ठाऊक असतं.

दोन ऑगस्टला लावणी होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

बाप ऑफिसच्या दारात उभा होता, तारपा घोंगडीत गुंडाळून. आत ये असं कोणी म्हटलं नाही. तो म्हणाला, "सर, आता नाय वाजवत. नवं झालं का वाजवू. म्हणाल तितका वाजवू."

दळवी सर हसले. "दिल्लीचा साहेब तुझ्या भाताची वाट बघत बसणार आहे होय?"

बापानं घोंगडी आणखी घट्ट धरली. मग सर हळू आवाजात म्हणाले, आणि मी शेजारीच उभी होते, तोंडाला कोळसा फासून, "पोरीचं नाव हॉस्टेलात ठेवायचंय ना?"

बापानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यानं मला पटकन ओळखलंच नाही. मग घोंगडी सोडली.

त्यानं वाजवलं. आम्ही नाचलो. वरून पाऊस. कोळसा ओघळून गळ्यावर, छातीवर. पानं सुटून पायांत. स्टेजवरची मंडळी छपराखाली कोरडी. साहेबांची बायको पुढे वाकून म्हणाली, "ये लोग घर में भी ऐसे ही रहते हैं?" आणि दळवी सर, सात वर्षं आमच्या घरचं खाल्लेला माणूस, म्हणाले, "जी मॅडम, बिलकुल ऐसे ही." मग फोटो काढला. त्या फोटोत मी आहे. नंतर तो शाळेच्या व्हरांड्यात लावला. त्याखालून मी दहावीपर्यंत रोज वर्गात गेले.

त्या साली सुरंगीत भातावर करपा पडला. तारप्यानं करपा पडत नाही, हे मला त्याच शाळेत शिकवलं. बरोबर शिकवलं. पण गावानं त्याचं खापर तारप्यावर फोडलं. बापाला कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. आमच्यात आरडाओरडा होत नाही. नवं झालं, अंगणात फेर धरला, आणि मधे दुसराच तारपेकरी उभा राहिला. बापाला बोलावणंच आलं नाही. पुढच्या साली नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही. त्यानं तारपा माळ्यावर टाकला. आईनं एकदा धूळ झटकायला काढला तर तिच्यावर खेकसला, "राहू दे तिथंच." माझी शाळा मात्र राहिली.

शाळेचं मोल हे असं. तेव्हापासून मी चिडकी झाले. लोक म्हणतात नाकावर राग. असू दे.

दहावी झाले आणि टायपिंग शिकायला गेले. चर्चकडच्या गल्लीत आंतोनबाब म्हणून एक म्हातारा क्लास घ्यायचा. मशिनी तीन, त्यातली एक कायमची आजारी. मूळचा गोव्याचा. पोरपणी पाद्री व्हायला गेला होता. लॅटिन शिकला, पण पाद्री काही झाला नाही. मग पोर्तुगीजांच्या कचेरीत कारकून झाला. पोर्तुगीज गेले, हा राहिला. दुपारीसुद्धा कोट. लॅटिनचा गर्व इतका, की खोकला तरी वाटायचं लॅटिनमधे खोकतोय.

एकदा मी जातीच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होते. इंग्रजीत. 'ट्राइब' हा शब्द आला की माझं बोट टी वर असं पडायचं की कागदाला भोक.

आंतोनबाब म्हणाला, "टी इतको जोरान कित्याक मारता गो? त्या अक्षरानं काय केलंय तुझं?"

"अक्षरानं नाही. शब्दानं."

मग सांगितलं त्याला. पेटी, पिसं, कोळसा. बापाचं नाही सांगितलं. सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं.

तो हसायला लागला. मला वाटलं मला हसतोय, मी उठलेच. तर म्हणाला, "बस. त्या तुझ्या मास्तराला हसतो. मूर्ख. त्याला ठाऊक तरी आहे का तो कुणाचा शब्द? शब्द लॅटिन. त्रिबुस." आणि कपाटातून विटेएवढं जाड पुस्तक काढलं.

माणूस बढाईखोर, पण त्या दिवशी अर्धा तास जे बोलला ते मी मशिनीवर हात ठेवून ऐकलं. म्हणाला, त्रिबुस म्हणजे रोमचे लोक. स्वतः रोमचे. जंगलातले नव्हेत. गाव वसलं तेव्हा लोकांच्या तीन वाटण्या होत्या, एकेका वाटणीला त्रिबुस. कोण म्हणतात त्रि म्हणजे तीन, त्यावरून नाव पडलं. कोण म्हणतात तसं नाही. पुढे वाटण्या वाढल्या, नाव तेच राहिलं. रोमचा सरदार असो की शेतकरी, त्याचं नाव कुठल्या तरी त्रिबुसात असायचंच. ज्याला त्रिबुस नाही त्याला मत नाही. तो रोमचा कोणीच नाही.

मी म्हटलं, "म्हणजे ट्रायबल नसेल तो बाहेरचा?"

"तसंच म्हण." मग बोटांवर मोजत पुढे. वाटणीवार सरकारी पट्टी बसायची, तिचं नाव त्यावरून. वाटणीचा म्होरक्या, त्याचं नाव त्यावरून, त्रिबुनुस. मग गोरगरीब रुसून गाव सोडून डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा त्यांच्या बाजूनं भांडायला माणसं नेमली, तीही त्रिबुनुस. त्यांच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, हा कायदा. त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही. लावला तर लावणाऱ्याचा जीव गेला. आणि त्यांच्या हातात हत्यार काय, तर एक शब्द. मोठ्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला आणि त्रिबुनुस उभा राहून म्हणाला, वेतो, की हुकूम तिथंच थांबला.

"वेतो म्हणजे?"

"मी मना करतो."

"कारण द्यावं लागायचं?"

"कारण कसलं? मना म्हणजे मना."

तो पुढेही बोलत होता. न्यायाधीश बसतो त्या उंच जागेलाही त्यावरूनच नाव. पोर्तुगीज अमलात पाहुण्यांसाठी मांडव घालून उंच स्टेज बांधायचे, त्यालाही हे लोक त्रिबुनाच म्हणायचे. मग हा शब्द बायबलात गेला, देवाच्या बारा कुळांना लावला. तोवर शब्दाचा मान शाबूत होता. मग गोरे लोक जहाजांतून जगभर फिरले. जिथं जिथं रानात माणसं दिसली, तिथं तिथं त्यांनी तो शब्द त्यांच्यावर टाकला आणि स्वतःच्या अंगावरून काढला. स्वतः नेशन झाले.

"बापजाद्यांचा जुना कोट," आंतोनबाब म्हणाला, "आपल्याला नको झाला तो तुम्हाला घातला. आणि वर तुम्हालाच हसतात."

मी विचारलं, "तुमच्या कचेरीत आम्हाला काय लिहायचे?"

त्यानं पुस्तक मिटलं. "लिहायचं काय? तुमचं नाव कोण विचारत होतं? डोकी मोजायची. तुझा आजा आला असेल कधी, तर पायरीखाली उभा राहिला असेल. माझ्यासमोर खुर्चीवर तुमच्यातलं कोण बसलं नाही." लाज नाही, काही नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

मी खुर्चीवर आणखी मागे सरून बसले. पाठ टेकून. आंतोनबाबचे मी उपकार मानत नाही. त्यानं मला काही दिलं नाही. त्याला त्याची लॅटिन मिरवायची होती. मिरवता मिरवता ते त्याच्या हातून सांडलं आणि मी उचललं.

नव्वद साल उलटलं. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट लागले. शहरातच, डोकमर्डीत, खोली घेतली. सिल्व्हासात कारखानेच कारखाने झाले. धुळ्या-नंदुरबारकडून माणसांचे लोंढे आले. हॉटेलं झाली आणि हॉटेलांच्या भिंतींवर आमची वारली चित्रं आली. काढणारा आमचा नव्हता. जिथं बघावं तिथं ट्रायबल. आम्हाला सोडून सगळ्यांना ट्रायबल आवडायला लागलं.

आणि एका जुलैत माझ्या टेबलासमोर कोण उभं? दळवी सर. केस पिकलेले, गळ्यात बिल्ला. दोन ऑगस्टच्या सांस्कृतिक समितीत होते.

"अगं, तू! आमची विद्यार्थिनी!" साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मी घडवली हिला."

जळ्ळं ते घडवणं. मी उठले नाही.

त्यांनी कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद पुढे ठेवला. टाइप करायचा. दीपप्रज्वलन, स्वागत, भाषण, सत्कार. पाचवा कार्यक्रम, कचेरीतील ट्रायबल भगिनींचे पारंपरिक नृत्य. मग टेबलावर वाकून म्हणाले, "तुझे वडील अजून वाजवतात ना? घेऊन ये त्यांना. कपडे आमच्याकडे आहेत. ती पेटी अजून आहे बघ!"

ती पेटी अजून आहे. हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. वर्षानुवर्षं जपलेलं लोणचं असावं तसं.

मी सगळं टाइप केलं. चार नंबर, सहा नंबर, सात नंबर. पाचवी जागा कोरी.

"पाच नंबर राहिला," दळवी सर म्हणाले.

"राहिला नाही. मना केला."

"कोणी?"

"मी."

त्यांना आधी हसू आलं. मग नाही आलं. आमच्या कचेरीच्या साहेबांना बोलावलं, मुंबईहून बदलून आलेल्या. साहेब बाहेर आले, चष्मा कपाळावर. "काय प्रकार आहे?"

मी उभी राहिले. नोकरी कच्ची होती, दोन महिन्यांनी कायम व्हायची होती. साहेबांच्या एका शेऱ्यावर गेली असती. आणि नोकरी गेली असती तर बापानं माझ्यासाठी जे गमावलं ते फुकट गेलं असतं. हे सगळं डोक्यात होतं. तरी तोंड उघडलं.

"साहेब, शेतात भात हिरवं आहे. आता तारपा वाजत नाही. नाच होत नाही. पिसं आम्ही कधी लावली नाहीत, पानं कधी नेसली नाहीत, तोंडाला कोळसा फासत नाही. या सरांनी मला तेरा वर्षांची असताना चिखलात उघडं नाचवलं आणि माझ्या बापाला माझी शाळा काढून घेतो म्हणून दम देऊन वाजवायला लावलं. आता मी मना करते."

दळवी सर म्हणाले, "अगं, तुमचीच संस्कृती आहे ती! ट्रायबल कल्चर. त्याची लाज कसली वाटते?"

"ट्रायबलची लाज नाही वाटत. तुम्ही ज्या स्टेजवर बसता ना सर, त्याचं पोर्तुगीज नाव या शब्दावरून पडलंय. आमच्याच नावाच्या स्टेजवर तुम्ही बसता आणि आम्हाला खाली नाचवता. शब्द कुठून आला ते तुम्हाला ठाऊक नाही. आमचे कपडे तुम्हाला ठाऊक नाहीत. आमची भाताची वेळ तुम्हाला ठाऊक नाही. मग इतकी वर्षं आमच्यात राहून तुम्ही केलं काय?"

"हे कुठं शिकलीस?"

"टायपिंगच्या क्लासात."

आमच्यातल्या आणखी दोघी तिथं होत्या. दोघींनी माना खाली घातल्या. मी त्यांना दोष देत नाही. हे आता म्हणते, तेव्हा दिला होता. घरी जाऊन शिव्याही घातल्या होत्या.

माझ्या मनाईनं काही थांबलं नाही. रोमची गोष्ट रोममध्ये. दळवी सरांनी कारखान्यातून सहा पोरं आणली, खानदेशातली. त्यांना पिसं लावली, पानं बांधली, कोळसा फासला. पोरं बिचारी बारा तासांची पाळी करून आलेली. तारपा म्हणजे काय त्यांना ठाऊक नव्हतं. मागे कॅसेट लावली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे माझ्याशिवायही त्यांचा ट्रायबल उभा राहिला. त्यात माणूस कोणता घालायचा याच्याशी त्यांना कधी घेणंदेणंच नव्हतं. मी ते कुंपणाबाहेरून पाहिलं, साडी नेसून, छत्री धरून.

रविवारी सुरंगीला गेले आणि बापाला सगळं सांगितलं. तो विडी ओढत होता. मला वाटलं खूश होईल. विडी विझवली आणि म्हणाला, "तवा मी असं बोललो असतो तर तुझी शाळा गेली असती."

"हो."

"मंग तू आज हे बोलली नसती."

"हो."

मी माळ्याकडे पाहिलं. त्यानं नाही पाहिलं. त्या साली नवं झालं, तरी तारपा खाली आला नाही. आजतागायत आला नाही. माझ्या कचेरीतल्या तोंडपाटीलकीनं बापाचं गेलेलं परत यावं, एवढं सोपं ते नव्हतं.

सोमवारी मेमो आला, इंग्रजीत. टाइप माझ्याच मशिनीवर केलेला, माझ्या रजेच्या दिवशी. अक्षर ओळखते मी. 'कार्यालयीन शिस्तीस न शोभणारे वर्तन केले. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' दोन सहकाऱ्यांनी सल्ला दिला, माफी माग, मोकळी हो, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. कागद मशिनीत घातला. शाळेतल्या भाषणाची ती घडी करून खिशात गेलेली चार पानं आठवली. या वेळी एवढं लिहायची गरज नव्हती. इंग्रजीतल्या दोन ओळी पुरल्या.

'मी ट्रायबल आहे. मी ट्रायबलसारखी वागले.'

सही केली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नोकरी कायम व्हायला दोन महिन्यांऐवजी तीन वर्षं लागली. लागू देत. कार्बन लावून टाइप केलं होतं, दुसरी प्रत माझ्याकडे आहे. ती पेटी पुन्हा कोणी उघडली तर पुन्हा तेच टाइप करीन. टी मारून, कागदाला भोक पडेल इतक्या जोरात.